भांडायचं तर पाइपसाठी भांडा

सध्या पुण्यात रीडेव्हलपमेंटचं पेव फुटलंय, आमच्या कोथरूड-कर्वेनगर भागात तर दर दुसऱ्या गल्लीत एक पत्रे मारलेला प्लॉट दिसतो, आणि माझा धंदा लॅन केबलिंगचा, म्हणजे घराऑफिसात इंटरनेटच्या वायरी टाकायचा असल्यामुळे ओळखीपाळखीतले लोक हमखास विचारतात की अरे आमचा फ्लॅट नवीन होतोय, इंटरनेटसाठी बिल्डरला कुठली केबल टाकायला सांगू? कॅट ६ की कॅट ६ए, म्हणजे तांब्याची केबल कुठल्या दर्जाची? का आता डायरेक्ट काचेची फायबरच? मी म्हणतो केबलचं राहू दे, पाइप किती एमएमचा टाकतायत आणि कुठून कुठे जातोय ते आधी सांग. इथे समोरचा गप्प. कारण ते कुणी विचारलेलंच नसतं. टाइल्स कुठल्या, लिफ्ट कुठल्या कंपनीची, पार्किंग कव्हर्ड की स्टॅक यावर सोसायटीत मारामाऱ्या होतात, पण भिंतीच्या आत काय जाणार हे सगळं इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच्या मर्जीवर सोडलेलं असतं, आणि तो बिचारा वीस वर्षांपूर्वी शिकला तेच करतो.

तो काय शिकला होता, तर टेलिफोनची वायर. ब्रोशरमध्ये अजूनही वाचा, 'हॉल व मास्टर बेडरूममध्ये टीव्ही व टेलिफोन पॉइंट' असं छापलेलं असतं. लँडलाइन गेली पण तो पॉइंट काही गेला नाही. आता टेलिफोनचं कसं असायचं, एक वायर दाराजवळून आत आली की हॉलच्या बॉक्समधून पुढे बेडरूमच्या बॉक्समध्ये, तिथून पुढच्या खोलीत, अशी फिरत जायची. कुठेही फोन लावा, वाजतो. पाइपही त्याच हिशोबाने टाकलेला, एका खोलीतून दुसरीत. डेटाला हे चालतच नाही. डेटाला प्रत्येक पॉइंटची स्वतंत्र अखंड केबल लागते, एका ठिकाणाहून निघालेली, मध्ये जोड नाही, फाटा नाही.

एकेकाळी डेटासुद्धा असाच एकातून एक जायचा बरं का. इथरनेटचा, म्हणजे केबलने कॉम्प्युटर एकमेकांना जोडायच्या पद्धतीचा जन्म १९७३ चा, कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क नावाच्या रिसर्च सेंटरमध्ये रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ते केलं, आणि तेव्हा सगळी मशीन टीव्हीच्या केबलसारख्या एकाच कोएक्सियल केबलवर बसवलेली असायची. आधी जाड केबल आली, एका सलग तुकड्याला ५०० मीटर चालायची, मग बारीक केबल आली ती १८५ मीटर. ही बारीकवाली आपल्याकडच्या ऑफिसांमध्ये नव्वदच्या दशकात भरपूर होती. प्रत्येक कॉम्प्युटरमागे एक टी कनेक्टर, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचं टर्मिनेटर म्हणून छोटंसं टोपण. दिवाळीच्या जुन्या लाइटच्या माळेसारखा प्रकार, एक दिवा गेला की सगळी माळ बंद. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते सांगायचे की सकाळी झाडू मारताना कुणाचा तरी पाय लागून टी हलला की पूर्ण ऑफिसचं नेटवर्क बसायचं आणि मग टेबलाखाली रांगत रांगत एकेक जोड हलवून बघायचा.

१९९० मध्ये टेन-बेस-टी नावाचं स्टँडर्ड आलं आणि ही कटकट संपली. टेलिफोनसारखीच पीळ घातलेल्या जोड्यांची साधी वायर, पण प्रत्येक मशीनची आपापली, सगळ्या मधल्या हबला, म्हणजे वायरी जोडायच्या डब्याला येऊन मिळणाऱ्या. एक तुटली तर एकच बंद. आजही घर असो, हॉस्पिटल असो नाहीतर मॉल, डेटाचं वायरिंग याच पद्धतीने होतं.

पीळ का घालतात हे नव्या पोरांना सांगावंच लागतं, कारण त्यांना तो कनेक्टर लावताना मध्ये येणारा वैताग वाटतो. सिग्नल जोडीतल्या दोन तारांमधून उलटसुलट जातो आणि पलीकडचा पोर्ट दोघांमधला फरक वाचतो, बाहेरून मिक्सरचा, ट्यूबचा, शेजारच्या जोडीचा गोंगाट आला तर तो पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि फरक काढताना आपोआप उडून जातो. ही आयडिया इंटरनेटची नाही, अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये टेलिफोनसाठी तिचं पेटंट घेतलं होतं. कॅट ६ केबल कापून नीट बघा, चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा दिसेल, एक घट्ट, एक सैल. ते मुद्दाम केलेलं असतं, सारखा पीळ असला तर जोड्या एकमेकींचंच ऐकत बसतील. म्हणून टोकाला पीळ सोडवायचा तो अर्ध्या इंचाच्या आत. मी अशी कामं बघितलीत जिथे बॉक्समध्ये वीतभर पीळ सोडून वर टेप गुंडाळलेली.

आता कॅटचं काय ते एकदाच सांगून टाकतो. कॅट ५ई वर १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएस चालतं. कॅट ६ ची क्षमता २५० मेगाहर्ट्झ, तिच्यावर १० गिगाबिटसुद्धा साधारण ५५ मीटरपर्यंत जातं. कॅट ६ए म्हणजे ५०० मेगाहर्ट्झ आणि १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर. तुमच्या थ्री बीएचकेमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फिरवून नेली तरी ३० मीटरच्या वर केबल जात नाही, म्हणजे कॅट ६ मध्ये विषय संपला. कॅट ६ए जाड असते, वळायला ताठ, २० एमएमच्या पाइपमधून वळणावर ओढताना दोन माणसं घामाघूम होतात. ती ऑफिससाठी ठेवा. आणि ऑनलाइन ते 'कॅट ७', 'कॅट ८' लिहिलेले चपटे पॅच कॉर्ड, म्हणजे प्लग लावलेल्या तयार छोट्या वायरी मिळतात त्यांच्या नादी लागू नका. कॅट ७ ला टीआयए या अमेरिकन उद्योगसंघटनेच्या स्टँडर्डमध्ये जागाच नाही, तिचा खरा कनेक्टरही वेगळा, नेहमीचा आरजे-४५ प्लग लावला की उरलं काय? कॅट ८ खरी आहे पण ती डेटा सेंटरमध्ये ३० मीटरच्या आत, रॅक टू रॅक, म्हणजे मशीनच्या एका कपाटातून दुसऱ्यात वापरायची. गेमिंगसाठी पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारा वेळ, कमी होते म्हणे. कुणी सांगितलं?

खरा चुना कॅटच्या नंबरात लागत नाही, तो तांब्यात लागतो. ३०५ मीटरचा बॉक्स येतो, म्हणजे हजार फूट, आणि बाजारात निम्म्या भावात जो बॉक्स मिळतो त्यावर कुठेतरी बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. सीसीए म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. बॉक्स उचलला की वजनावरूनच शंका येते. मग एक तार घेऊन ब्लेडने खरवडायची, आतून पांढरी चकाकी दिसली की दुकानदाराला नमस्कार करायचा. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, वाकवली की लवकर तुटते, आणि कुठल्याही कॅटच्या स्टँडर्डमध्ये ती बसत नाही, वर कॅट ६ छापलेलं असलं तरी.

आणि गंमत म्हणजे ती लगेच पकडली जात नाही. एका सोसायटीत गेटवरचा कॅमेरा रोज रात्री बंद पडायचा. दिवसा एकदम ओके. कॅमेरा बदलला, सगळ्या केबल जोडायच्या डब्याचा, म्हणजे नेटवर्क स्विचचा पोर्ट बदलला, डीव्हीआरवाल्याने हात वर केले, वॉचमनवर संशय घेऊन झाला. केबल सीसीए होती आणि अंतर सत्तर-ऐंशी मीटर. पीओई म्हणजे डेटाच्याच केबलमधून कॅमेऱ्याला करंटही जातो, २००३ च्या मूळ स्टँडर्डप्रमाणे स्विचकडून १५.४ वॉट निघतात आणि टोकाला १३ च्या आसपास मिळतात असा तांब्याचा हिशोब आहे. अंधार पडला की कॅमेऱ्याचे नाइट व्हिजनचे एलईडी लागतात, तो जास्त करंट ओढतो, त्या भिकार वायरीत व्होल्टेज पडतं, कॅमेरा रीस्टार्ट होतो, परत एलईडी लागतात, परत पडतो. रात्रभर हाच खेळ. तांब्याची केबल ओढली आणि विषय बंद. आधी जितके वाचवले त्यापेक्षा जास्त पैसे दुसऱ्यांदा मजुरीत गेले, ते वेगळंच.

दुसरी एक तक्रार इतकी येते की मी फोनवरच निदान करतो. 'तीनशे एमबीपीएसचा प्लॅन आहे, स्पीड टेस्टला चौऱ्याण्णवच दाखवतो.' चौऱ्याण्णव-पंच्याण्णव हा आकडा ऐकला की कंपनीला शिव्या घालायच्या नाहीत, भिंतीतला बॉक्स उघडायचा. केबलमध्ये आठ तारा म्हणजे चार जोड्या. शंभर एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला चारही. त्यामुळे उरलेल्या ब्लू किंवा ब्राऊन जोडीतली एक जरी तार नीट बसलेली नसली तरी दोन्ही बाजूचे पोर्ट आपसात समजूत करून गुपचूप शंभरवर उतरतात. लाइट लागतो, नेट चालतं, सगळं ठीक वाटतं. बऱ्याच जुन्या फ्लॅटमध्ये तर इलेक्ट्रिशियनने हे मुद्दाम केलेलं सापडतं, एकाच केबलमधल्या चार तारा एका पॉइंटला आणि उरलेल्या चार दुसऱ्या पॉइंटला, कारण तेव्हा शंभर म्हणजे डोक्यावरून पाणी होतं आणि एक केबल वाचली. जुगाड म्हणून तेव्हा बरोबरच होता.

क्रिंपिंगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवण्यात अजून एक भारी लफडं असतं. क्रम आहे ऑरेंज व्हाइट, ऑरेंज, ग्रीन व्हाइट, ब्लू, ब्लू व्हाइट, ग्रीन, ब्राऊन व्हाइट, ब्राऊन. यात ग्रीनची जोडी ब्लूच्या दोन्ही बाजूंना फुटलेली दिसते, कारण मधल्या दोन पिन टेलिफोनच्या प्लगशी जुळाव्यात म्हणून ब्लूला दिल्यात. एखादा नवशिका म्हणतो हे असं विचित्र कशाला, आणि आपला ऑरेंज, ग्रीन, ब्लू, ब्राऊन असा सरळ नीटनेटका क्रम लावतो, दोन्ही टोकांना सारखा. शे-दोनशे रुपयांच्या टेस्टरवर आठही लाइट बरोबर लागतात. तरी लिंक धड चालत नाही. कारण पोर्टच्या दृष्टीने ३ आणि ६ ही जोडी आहे, आणि त्या दोन तारा आता वेगवेगळ्या पिळातल्या आहेत, गोंगाट उडवायला कुणीच नाही. लाइटवाला टेस्टर फक्त तार तुटलीय का ते सांगतो, केबल चांगली आहे का ते नाही. त्यासाठी फ्लूक कंपनीचं असतं तसं महागडं मशीन लागतं, जे प्रत्येक पॉइंटचा रिपोर्ट काढतं, मोठ्या ऑफिसच्या कामात तो रिपोर्ट दिल्याशिवाय बिल पास होत नाही.

मोठ्या ऑफिसवरून आठवलं. हिंजवडीत एखाद्या आयटी कंपनीचा फ्लोअर तयार होताना बघायला मिळाला तर जरूर बघा. बिल्डिंगच्या बाहेरून, शक्यतो दोन वेगळ्या बाजूंनी, फायबर आत येतं ते तळमजल्याच्या मेन रूममध्ये. तिथून उभ्या डक्टमधून प्रत्येक मजल्याच्या रॅकला फायबर. मजल्यावर मात्र रॅकपासून प्रत्येक टेबलापर्यंत तांबं, फॉल्स सीलिंगच्या वरच्या ट्रेमधून किंवा उचललेल्या फरशीखालून. भिंतीतली पक्की केबल जास्तीत जास्त ९० मीटर, दोन्हीकडचे पॅच कॉर्ड मिळून १० मीटर, झाले १०० मीटर. म्हणून फ्लोअर मोठा असला की एकाच मजल्यावर दोन रॅक रूम ठेवतात, हौस म्हणून नाही. भिंतीतली तार एकसंध कडक आणि पॅच कॉर्ड बारीक तारांची मऊ, कारण एक कधीच हलत नाही आणि दुसरी रोज हलते. केबलचा गठ्ठा झिप टायने आवळायचा नाही, वेल्क्रोने अलगद बांधायचा. आणि प्रत्येक टोकाला नंबर. लेबल नसलेल्या रॅकसमोर ज्याने रात्री उभं राहून शोधाशोध केलीय त्यालाच त्या नंबराची किंमत कळते.

हे सगळं शहाणपण राहत्या घरी येईपर्यंत कुठे गायब होतं कळत नाही. तोच माणूस जो ऑफिसात नीट पॅच पॅनल, म्हणजे सगळ्या केबलची टोकं बसवायची पट्टी लावलेली बघतो, त्याच्या घरी गच्चीवरून सोडलेली काळी फायबर खिडकीच्या जाळीतून आत आलेली असते, नाहीतर एसीच्या भोकातून.

तरी फायबर आलं हे फार चांगलं झालं. त्याआधीचे दिवस आठवा, केबलवाला गच्चीवरून गच्चीवर कॅट ५ फेकायचा, मध्ये मध्ये टाकीजवळ प्लास्टिकच्या डब्यात स्विच, आणि मे महिन्यात वळवाचा पहिला गडगडाट झाला की गल्लीभर पोर्ट उडालेले. तांबं बाहेरून दोन बिल्डिंगमध्ये नेलं की वीज त्यात उतरणारच. फायबर काचेचं, त्यातून प्रकाश जातो, करंट जात नाही. या फायबरचा मोठा कारखाना आपल्याकडे संभाजीनगरला आहे, स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचा, काचेच्या कांडीपासून तिथे धागा ओढतात. घरापर्यंत येते ती सिंगल मोड, आतला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्यामुळे दारात चिमटली किंवा खिळ्याभोवती आवळली की प्रकाश गळतो आणि ओएनटीवर, म्हणजे घरात फायबर जिथे लागते त्या डब्यावर लाल दिवा. मधल्या स्प्लिटरला वीजसुद्धा लागत नाही, एका धाग्यातला प्रकाश तो ३२ किंवा ६४ घरांत वाटतो. कनेक्टर हिरवा असतो, त्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं. निळ्यावर हिरवा दाबून बसवू नका, बसतो पण सिग्नलची वाट लागते.

पण फायबर दाराशी येऊन थांबतं, आणि खरी बोंब तिथून पुढे आहे. ओएनटी लागतं चपलांच्या कपाटावर, कारण तिथेच वायर पोचली. टीव्ही हॉलच्या पलीकडे, घरून काम करणारी सून मागच्या बेडरूममध्ये, आणि मध्ये आरसीसीच्या भिंती. मग वायफाय लांब पोचवायला मेश घ्या, रिपीटर घ्या. मेशलाही मागून केबल दिली तरच तो खरा पळतो, नाहीतर आधीच अशक्त झालेला सिग्नल पुढे वाटत बसतो.

म्हणून पाइप. स्लॅबचं स्टील बांधून झालं की इलेक्ट्रिशियन पाइप टाकतो, त्यावर काँक्रीट पडतं, मग ब्रह्मदेव आला तरी जागा बदलत नाही. त्या आधी प्लॅन हातात घेऊन बसा. दाराजवळ किंवा लॉफ्टखाली एक जागा ठरवा जिथे ओएनटी, राउटर, छोटा स्विच बसेल, तिथे दोन प्लग पॉइंट हवेत, आणि राउटर लोखंडी बंद डब्यात नको कारण वायफाय आतच कोंडेल. त्या जागेपासून प्रत्येक खोलीला स्वतंत्र पाइप, २५ एमएमचा, त्यात दोन केबल आरामात जातात आणि बदलताही येतात. एक पाइप पॅसेजच्या छतालाही, वायफाय पसरवणारा डबा (एपी) तिथून सगळ्या घराला पुरतो. काटकोनी एल्बो नको, लांब बेंड घ्या, आणि एका ओढीत दोनच्या वर वळणं नकोत. लाइटच्या वायरच्या पाइपमध्ये डेटा घालू देऊ नका, 'होतंय साहेब, सगळीकडे असंच करतो' म्हणतील, ऐकू नका, दोन्ही पाइप फूटभर लांब ठेवा आणि जिथे एकमेकांना ओलांडतील तिथे काटकोनात. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवायला सांगा. पाइपची तोंडं काँक्रीटच्या आधी बंद केलीत का ते स्वतः जाऊन बघा, कारण सिमेंटचं पाणी आत गेलं की तो पाइप फक्त ड्रॉइंगमध्ये उरतो. आणि बिल्डिंगच्या डक्टपासून तुमच्या दारापर्यंत एक पाइप रिकामाच ठेवा, कशासाठी ते विचारू नका.

बिल्डर म्हणेल खर्च वाढतो. पीव्हीसी पाइपचा खर्च त्याच्या गेटवरच्या नावाच्या पाटीपेक्षा कमी असतो. त्याला हवं तर हेही सांगा की टेलिकॉमचं नियमन करणाऱ्या ट्रायने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं स्टार रेटिंग देण्याचे नियम काढलेत, आणि २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये या वायरिंगसाठी वेगळा भाग आहे. जाहिरातीत छापायला काहीतरी मिळालं की ही मंडळी जरा ऐकतात.

जुन्या बिल्डिंगवाल्यांना हे सगळं लागू नाही, तिथे पेठेतल्या वाड्याची दीड-दोन फुटी भिंत असली तर लांब ड्रिल आणि केसिंग पट्टी झिंदाबाद. टेलिफोनचा जुना पाइप मोकळा आहे का ते आधी वायर ओढायची स्प्रिंग घालून बघा, कधी कधी लॉटरी लागते. ग्राइंडरने झिरी मारायची असेल तर रंगकामाच्या आधी, आणि धुळीची तयारी ठेवा.

शेवटचं एक काम फुकटचं आहे आणि तेच कुणी करत नाही. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मेजर टेप भिंतीला लावून, म्हणजे पाइप कोपऱ्यापासून किती इंचावर आहे ते फोटोतच दिसेल. मॉड्युलर फर्निचरवाले येतात, टीव्ही युनिटसाठी लांब स्क्रू मारतात, आणि बरोबर त्याच पाइपमध्ये मारतात. स्लॅबचेही काढा. ते फोटो मोबाइलमध्ये राहिले तर हरवतील, सोसायटीच्या फाइलला प्रिंट लावून ठेवा, खालच्या फ्लॅटवाल्यालाही कामी येतात कारण त्याच्या सीलिंगमध्ये तुमचा पाइप असू शकतो, तो पंख्याचा हूक बदलायला निघाला की तुम्हालाच फोन करणार आहे.